माझ्यावाचून झालेला तास

"मॅडम, माझ्याकडे बघून शिकवू नका. त्या काळ्या ठिपक्याकडे बघा," निनाद म्हणाला.

काळा ठिपका म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याची काच. आमच्या बैठकीच्या खोलीतला टीपॉय बाजूला सारून त्यानं तिथं तिवई उभी केली होती आणि तिच्यावर फोन बसवला होता. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर निळी चादर ताणून लावली होती. भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर आणि माझा नि यांचा लग्नातला फोटो त्यानं आपल्या हातानं उतरवून आतल्या पलंगावर नेऊन ठेवला होता.

"अरे, ठिपक्याला कसं शिकवू?" मी म्हटलं. "मला समोर डोळे लागतात. कुणाला कळलंय, कुणाची तंद्री लागलीय हे बघितल्याशिवाय माझं पुढचं वाक्यच निघत नाही."

"तिथंच डोळे आहेत असं समजा. घरी बसलेल्या मुलाला वाटलं पाहिजे, मॅडम माझ्याकडेच बघतायत. वर्गात शेवटच्या बाकावरच्याला असं कधी वाटतं का?"

हे खरं होतं. शेवटच्या बाकाचा विषय निनादनं काढावा आणि मी गप्प बसावं, हेही साहजिक होतं. तो माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. आई गेली त्या वर्षी बारावीला नापास झाला आणि शिकणंच सोडून द्यायला निघाला होता. मी त्याला वर्षभर आमच्या घरी बोलावलं. संध्याकाळी माझे वर्ग सुटले की याच खोलीत सतरंजीवर बसून आम्ही बेडकाच्या आतड्यांपासून माणसाच्या मेंदूपर्यंत सगळं पुन्हा केलं. पुढे तो पुण्याला गेला, कॉम्प्युटरचं शिकला, नोकरीला लागला. मग सगळीकडे टाळं लागलं तशी त्याचीही कंपनी बंद पडली आणि तो लातूरला परत आला. आमच्या प्रज्ञांकुर अकॅडमीच्या संचालकांनी त्याला ऑनलाइन विभाग दिला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "सुरुवात बिडवे मॅडमपासून करू." दारात आल्या आल्या वाकून पाया पडला. आजाराच्या भीतीनं लांबूनच, जमिनीला हात लावून.

तेव्हा मी पंचवीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवत होते. उदगीर, अहमदपूर, औसा, कुठून कुठून मुलं यायची. लोक म्हणायचे, बिडवे मॅडमनी हृदय शिकवलं की छातीवर हात ठेवून घरी जावं लागतं. पण त्या ठिपक्यासमोर माझ्या तोंडाला कोरड पडली. पहिला तास मी दोनदा थांबवला. तिसऱ्या वेळी निनादनं फोन बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पाणी आणलं आणि समोर मांडी घालून बसला.

"घाई नाही मॅडम. तुम्ही मला वर्षभर शिकवलंत. मी तुम्हाला महिनाभर शिकवीन."

आणि त्यानं शिकवलं. फार चांगलं शिकवलं, हे आजही म्हणेन. ऑनलाइन कसं शिकवावं याबद्दल मी नंतर पुष्कळ काही ऐकलं, पण निनादइतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. तो म्हणायचा, तासाला एकच मुद्दा घ्या आणि तो त्याच तासात संपवा. "काल आपण बघितलं" असं म्हणायचं नाही. ज्याला काल नेट मिळालं नाही, तो बिचारा तिथंच गळतो.

एकदा मी सवयीनं म्हणाले, "काय मुलांनो, ऊन काय म्हणतंय?" त्यानं लगेच हात वर केला.

"ऊन नको मॅडम. कुणाकडे ऊन असेल, कुणाकडे आभाळ आलं असेल. सण नको, वार नको. मुलाचं लक्ष खिडकीबाहेर जातं."

"बरं बाई. आणि नावं? नावं तर घेऊ की नको?"

"नावं तर मुळीच नको. एकाचं नाव घेतलं तर तो खूष होतो, बाकीचे सगळे खट्टू होतात. तुम्ही प्रश्न विचारा. मग जरा थांबा. घाबरू नका त्या शांततेला, हसऱ्या चेहऱ्यानं नुसतं बघत राहा. मुलं घरी उत्तर देतात. मग म्हणा, बरोबर, बहुतेकांना जमलंय, ज्यांना नाही जमलं त्यांनी घाबरायचं नाही. आणि पुढे चला."

"ती चॅटमध्ये लिहितात ना काहीबाही? ते वाचू की नको?"

"ते मी बघतो. तुमचे डोळे इकडेतिकडे हलले की मुलाला वाटतं, मॅडमचं माझ्याकडे लक्ष नाही."

बांगड्या वाजतात म्हणून त्यानं मला त्या काढायला लावल्या. रंग बदलला की डोळे विचलित होतात, म्हणून एकसारख्या निळ्या सुती साड्या नेसायला सांगितल्या. केस रंगवून एकाच पद्धतीनं बांधायचे ठरले. आमचे हे एकदा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "प्रतिभा, तू तर बातम्या देणारी दिसायला लागलीस."

"शिकवणारी नाही दिसत?"

"शिकवताना तू ओरडतेस. ही ओरडत नाही."

मला हसू आलं. आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं आवडायला लागलं होतं. तास झाला की निनाद कॅमेरा बंद करून टाळ्या वाजवायचा. पालकांचे फोन यायचे. एक आई म्हणाली, "मॅडम, आमचं पोरगं जेवताना पण तुम्हालाच बघतं." आपल्याला या वयात नवीन काही येतंय, याचं वेगळं सुख असतं. सकाळी स्वयंपाक करताकरता मी वाक्यं घोळवायची, कुठं थांबायचं ते मनात ठरवायची.

मग निनादनं सगळ्या शिक्षकांची एक ऑनलाइन बैठक घेतली. पडद्यावर आमचे सगळ्यांचे चेहरे चौकोनांत. तो म्हणाला, "आज दोन तासांचे तुकडे दाखवतो. पहिला बघा आणि कुठं काय चुकलं ते सांगा."

पहिला तुकडा खंदारे सरांचा होता.

खंदारे सर भौतिकशास्त्राचे. वर्गातला एकही तास त्यांनी खुर्चीत बसून घेतला नव्हता. त्या तुकड्यात ते बनियनवर शर्ट घालून बसले होते आणि शर्टाची वरची बटणं उघडीच होती. मागे दोरीवर टॉवेल वाळत होता. "ए इरफान, उठलास का रे? का आज पण पांघरुणातनंच ऐकतोस?" असं म्हणून त्यांनी गुरुत्वाकर्षण सुरू केलं. मध्येच कुकरची शिट्टी झाली. सर दचकले, मग म्हणाले, "बघा, वाफेनं शिट्टी उचलली. का उचलली? पूजा, तू सांग. पूजा हाय का? बरं, नसंल तर मेघराज सांगंल." मग ते बराच वेळ चष्मा कपाळावर सारून चॅटमध्ये मेघराजचं उत्तर शोधत राहिले. आम्हाला दिसत होतं ते फक्त त्यांचं टक्कल.

चौकोनाचौकोनांत लोक हसायला लागले. कुणीतरी आवाज बंद करायला विसरलं होतं, त्याचं हसणं सगळ्यांना ऐकू आलं. खंदारे सरही हसत होते. निनादनं तो टकलाचा भाग मागे नेऊन परत एकदा दाखवला. मग खंदारे सरांचा चौकोन काळा झाला.

"असं करायचं नाही," निनाद शांतपणे म्हणाला. "यातलं एक मिनिटसुद्धा कामाचं नाही. आता हे बघा."

दुसरा तुकडा माझा होता.

संध्याकाळी खंदारे सरांचा फोन आला. त्यांना राग आला असेल असं वाटून मी म्हटलं, "सर, ते मनावर घेऊ नका. निनाद तुम्हालाही शिकवील. मी सांगते त्याला."

"आलता तो शिकवायला. दोनदा आलता," सर म्हणाले. "मला नाही जमत. लेकराचं नाव घेतल्याबिगर माझ्या तोंडातनं नियमच निघत नाही. ते राहू द्या. तुमचा तास बघितला, मॅडम."

"कसा वाटला?"

"फोटो बघितल्यावाणी वाटला. हार तेवढा घालायचा राहिलाय."

मी फोन ठेवला. माणूस चिडला की काय बोलेल याला धरबंध नसतो, असं मी यांना म्हटलं. पुढच्या सत्रात खंदारे सरांचं नाव वेळापत्रकात नव्हतं. त्यांच्या जागी पुण्याचा कुणी तरुण मुलगा आला. तो दिसायला नीटनेटका होता आणि ऊन-पावसाबद्दल एक अक्षर बोलत नव्हता.

मला ताप आला तो त्यानंतर. आधी अंग मोडून आलं, मग वास गेला, मग श्वास पुरेना. दवाखान्यात खाट नव्हती. डॉक्टरांनी फोनवरून औषधं सांगितली आणि घरीच वेगळं राहायला सांगितलं. यांनी मला आतल्या खोलीत ठेवलं, दाराबाहेर स्टूल मांडलं. त्यावर पेज ठेवून ते दार वाजवायचे. मी निनादला फोन केला.

"माझे तास बंद ठेव रे. मुलांना सांग, मॅडम बऱ्या झाल्या की घेतील."

"मॅडम, तुम्ही आधी तब्येत बघा," तो म्हणाला. "तासाचं माझ्यावर सोडा."

त्या खोलीची भिंत शेजारच्यांच्या घराला लागून होती. शेजारी सानिका म्हणून मुलगी, बारावीला, आमच्याच अकॅडमीत. दुपारी मी ग्लानीत पडले होते आणि भिंतीपलीकडून कुणीतरी बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते, पण बोलण्याची चाल ओळखीची होती. जरा वेळानं शब्दही कळले.

"रक्त तर शरीरभर फिरतं. मग त्यातली घाण बाजूला काढतं कोण?"

तो माझा आवाज होता.

मी ओठांना हात लावून बघितला. ओठ बंद होते. तापात माणूस बरळतो, म्हणून मी दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अहो, मी बोलतेय का?"

"नाही. झोप तू."

"मग कोण बोलतंय?"

यांनी ऐकलं. मग त्यांच्या चपलांचा आवाज बाहेर गेला. परत यायला त्यांना फार वेळ लागला असं मला वाटलं.

"सानिका म्हणते, काकूंचा तास चालू आहे," ते दाराबाहेरून म्हणाले. "लाइव्ह आहे म्हणते. लाल ठिपका दिसतोय तिला."

"मी तर इथं आहे."

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाली, मग काकूंनी आत बसून घेतला असेल."

पुढचं मी भिंतीला कान लावून ऐकलं. माझा आवाज खणखणीत होता. एकदाही अडखळला नाही, खोकला नाही. मुद्दा पुढे सरकत गेला आणि मग आवाजानं विचारलं, "तर मुलांनो, मूत्र तयार कुठं होतं?"

शांतता. भिंतीपलीकडे सानिका मोठ्यानं म्हणाली, "मूत्राशयात!"

"बरोबर," माझा आवाज म्हणाला. "बहुतेकांना जमलंय."

मूत्राशयात मूत्र नुसतं साठतं. तयार होतं ते मूत्रपिंडात. मी उठून भिंतीवर मूठ आपटली. "चूक! सानिका, चूक!" असं ओरडायला गेले, पण घशातून नुसती हवा आली. आणि पलीकडे तास पुढे सरकला होता. सानिका हसत होती, तिचं उत्तर बरोबर आलं म्हणून.

मी परत पडले. घड्याळ भिंतीवरून का उतरवलं, कॅलेंडर आत का नेलं, सण-वार, ऊन-पाऊस का नको, साड्या एकाच रंगाच्या का, नाव घेतलं की कोण खट्टू होतो, आणि ती हसऱ्या चेहऱ्याची शांतता कशासाठी होती, हे मला त्या खाटेवर एकामागोमाग एक कळत गेलं. ताप होता, तरी सगळं अगदी स्वच्छ कळलं.

मी वाचले. पण आजारानं दोन गोष्टी नेल्या. केस मुठी-मुठीनं गळाले आणि जे नवीन आले ते पांढरे, कापसासारखे आले. आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूंना इजा झालीय, एवढ्यावरच भागवा.

निनाद भेटायला आला. पिशवीत मोसंबी होती. त्यानं दाराशी वाकून जमिनीला हात लावला आणि वर बघितलं. माझा चेहरा बघून क्षणभर त्याचा हात तिथंच राहिला.

"मॅडम, तुम्ही फार सोसलंत."

"निनाद, मी आजारी असताना माझे तास कोणी घेतले?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "तुम्हीच घेतलेत."

"रेकॉर्डिंग कापायला सोपं जावं म्हणून मला तसं शिकवलंस?"

"कापायला नाही मॅडम. टिकायला." तो पुढे सरकून बसला. डोळ्यांत अगदी मनापासूनचं काहीतरी होतं, आणि तेच मला सहन होईना. "माणूस टिकत नाही. आपण या वर्षात बघितलं ना? माझी आई गेली तेव्हा तिचा आवाजसुद्धा आमच्याकडे राहिला नाही. तुमचा सगळा विषय आज आमच्याकडे आहे, तुमच्या सगळ्यात चांगल्या आवाजात. देव न करो, पण तुम्ही गेला असतात, तरी मुलांचं काही नुकसान झालं नसतं."

हे चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"मला आधी सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही इतकं मोकळं शिकवलं नसतं."

"आता माझे तास कधी सुरू करायचे?"

त्यानं मान खाली घातली. "मॅडम, सुरूच आहेत. दोन तुकड्यांना चालू आहेत. पुढच्या वर्षीही तेच चालतील. संचालक म्हणाले, मॅडमना आता आराम करू दे."

यांनी चहा परत आत नेला. बाहेर येऊन मोसंब्यांची पिशवी उचलली आणि निनादच्या पायाशी ठेवली. "हे घेऊन जा," एवढंच म्हणाले. त्यानं पिशवी घेतली. जाताना पुन्हा वाकायला लागला, तेव्हा मी पाय पोटाशी घेतले.

शाळा-कॉलेजं उघडल्यावर मी खंदारे सरांकडे गेले. औसा रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचे वर्ग सुरू केल्याचं कळलं होतं. पोरं पुष्कळ होती. सर घामानं भिजलेले, खडूनं पांढरे झालेले, दोरीला दगड बांधून गरागरा फिरवत होते. माझ्याकडे बघून आधी त्यांनी ओळखलंच नाही. मग दगड खाली ठेवून बाहेर आले.

"सर, जीवशास्त्राला कुणी आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मी येऊ?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझा आवाज ऐकून त्यांचे डोळे बारीक झाले होते.

"मॅडम, राग धरू नका. माझ्याकडं येणाऱ्या एकेका लेकराच्या फोनात तुम्ही आहात. ऐन भरातल्या. त्यांच्यापुढं आता तुम्हालाच आणून उभं केलं, तर ती म्हणतील, सरांनी हे काय आणलं? शेवटच्या बाकापर्यंत तरी आवाज जाईल का तुमचा?"

"जवळ बसवीन मुलांना."

"किती जवळ बसवाल?" ते म्हणाले. "तुमच्याशी स्पर्धा करायला मला कुणीतरी दांडगं माणूस पाहिजे. तुम्ही नाही पुरणार."

आणि आत जाऊन त्यांनी पुन्हा दगड उचलला.

शेवटी निनादचाच फोन आला. अकॅडमीनं नवीन मोठा हॉल केला होता. भिंतभर पडदा, खाली ओळीनं बाक. पडद्यावर तास चालायचा आणि मुलांच्या अडचणी सोडवायला कोपऱ्यात एक माणूस बसवायचा होता. "मॅडम, तुमचाच विषय, तुमचेच तास. तुमच्याएवढं ते कुणाला माहीत असणार?" यांनी नको म्हटलं. पण यांचं झेरॉक्सचं दुकान तोवर बंद पडलं होतं, आणि दिवसभर घरात बसून सानिकाच्या भिंतीकडे बघणं मला जमत नव्हतं. मी गेले.

तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क असायचे. मुलं मला शंकावाल्या मॅडम म्हणायची. पडद्यावरच्या बाईंना ती नुसतं मॅडम म्हणायची. अडचण विचारायला फारसं कुणी येत नसे. आलंच तर "हा भाग परत कुठं लागेल?" एवढंच विचारायचं. मी त्या कोपऱ्यातून स्वतःला तासन् तास बघितलं. ती बाई कधी दमत नव्हती.

मग हृदयाचं प्रकरण आलं. मीही जरा सावरून बसले. माझा सगळ्यात आवडता भाग. पडद्यावरच्या बाईनं छातीवर हात ठेवला आणि मुलांनीही आपापल्या छातीवर हात ठेवले. सबंध हॉलनं.

"आता लिहून घ्या," ती म्हणाली. "शुद्ध रक्त हृदयाच्या उजव्या बाजूनं सगळ्या शरीराला पोचवलं जातं."

मी ताडकन उठले. डाव्या! रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतःकडे बोट दाखवताना मी समोरच्याची बाजू धरली असणार. वर्गात असं झालं असतं तर तिसऱ्या बाकावरचं कुणीतरी ओरडलं असतं आणि आम्ही सगळे हसून पुढे गेलो असतो. तेव्हाही कुणीतरी चॅटमध्ये लिहिलं असेल. मी बघत नव्हते.

"मुलांनो, थांबा," मी म्हटलं. पहिल्या दोन ओळींनी माना वळवल्या. "तिथं चूक झालीय. डाव्या लिहा. डावी बाजू."

"पण मॅडम उजव्या म्हणाल्या," एक मुलगी म्हणाली.

"मॅडम चुकल्या."

"त्या कशा चुकतील?"

"अगं, मीच आहे ती. मीच चुकलेय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकानं पडद्याकडे बघितलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि खुदकन हसला. मी मास्क काढला. हसू ओळीओळीनं मागे पसरत गेलं. "बहीण असेल," मागून कुणीतरी म्हणालं. "आई, आई," दुसरं म्हणालं. ती पहिली मुलगी मात्र हसली नाही. ती वैतागली होती. "शंकावाल्या मॅडम, तुम्ही बसा ना. मॅडमचं पुढचं बुडतंय."

गोंधळ ऐकून निनाद आला. त्यानं तास थांबवला नाही. माझ्या कोपराला हलकेच धरून मला बाहेर नेलं.

"व्हिडिओ चालू असताना बोलायचं नाही, मॅडम. मुलांचा गोंधळ होतो."

"निनाद, त्यात चूक आहे. डाव्याच्या जागी उजव्या झालंय. तेवढं एक वाक्य बदल."

त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या लक्षात आलं आणि तो खरोखर हळहळला. "अरेरे. सगळ्यात चांगला तास आहे तो."

"मी परत म्हणते ते वाक्य. आत्ता घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. तापातून उठल्यावर बघितलं होतं तसंच.

"ते जुळणार नाही, मॅडम. आवाज जुळणार नाही. आणि तुम्ही आता तशा दिसत नाही."

"मग ते वाक्य काढून टाक."

"काढलं तर पुढचं लागत नाही. तुम्ही इतकं सलग शिकवलंय." "असू द्या. पुस्तकात आहे ना डावी? ज्याला बघायचंय तो बघेल."

दार उघडून त्यानं मला आधी आत जाऊ दिलं. मी माझ्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि मास्क लावला. तास संपत आला होता. पडद्यावरची बाई मुलांकडे बघून हसत थांबली होती, आणि मुलं तिला उत्तर देत होती.

त्या नोकरीत मी पुढं बरीच वर्षं काढली. दरवर्षी नवीन मुलं यायची आणि ते प्रकरण लागायचं. मी कधी परत बोलले नाही. ते वाक्य जवळ आलं की मी उठून पाणी प्यायला बाहेर जायची. नळ शेजारीच होता, पण मी सावकाश पाणी प्यायची. आत येईपर्यंत मुलांनी लिहून घेतलेलं असायचं.